जमीन जवळ असताना

४ जून २०२४. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. दुपारी सगळं राज्य टीव्हीसमोर बसलेलं असताना निफाड तालुक्यात शिरसगावच्या शेतात सुखोई-३० कोसळलं. दोन्ही वैमानिक पॅराशूटने खाली आले आणि किरकोळ जखमांवर निभावलं. याच तालुक्यात, वावी-ठुशीच्या शिवारात, २७ जून २०१८ रोजी ओझरच्या एचएएल कारखान्यातून चाचणीसाठी उडालेलं सुखोई पडलं होतं. त्याआधी १३ डिसेंबर २०११ ला पुण्याजवळ वाडे बोल्हाईला आणि १४ ऑक्टोबर २०१४ ला थेऊरजवळ. चार विमानं, आठ वैमानिक, आणि आठही जण जिवंत. महाराष्ट्राच्या मातीवर घडलेला हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो, कारण आपण विमान पडल्याची बातमी वाचतो आणि माणूस कसा वाचला ते वाचायचं राहून जातं.

माणूस वाचतो तो खुर्चीमुळे. सुखोईत रशियन बनावटीची के-३६ जातीची इजेक्शन सीट असते. दोन पायांच्या मधलं हँडल ओढलं की खांद्याचे पट्टे आवळले जातात, पाय खुर्चीशी ओढून धरले जातात, डोक्यावरचं पारदर्शक छत उडून जातं आणि स्फोटक काडतूस खुर्चीला रुळांवरून वर ढकलतं. मग रॉकेट पेटतं. त्या क्षणी शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या पंधरा-वीस पट भार येतो, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या कण्यावर टनभराहून जास्त. छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका याच भाराखाली चेपतो. वाचलेल्या अनेकांचं उडणं त्या मणक्यापाशी थांबतं किंवा बदलतं. कारगिल युद्धाच्या वेळी मिग-२७ मधून बाहेर पडलेले वैमानिक नचिकेत पुढे लढाऊ विमानाऐवजी मालवाहू विमान चालवू लागले, ते पाठीच्या दुखापतीमुळेच.

उंची भरपूर असेल तर हे सगळं घडायला वेळ मिळतो. जमिनीलगत तो मिळत नाही. १ एप्रिल १९६१ रोजी इंग्लंडमध्ये ‘डॉडी हे’ नावाच्या माणसाने जमिनीवर उभ्या असलेल्या खुर्चीत बसून स्वतःला उडवून घेतलं आणि पॅराशूटने सुखरूप उतरून दाखवलं. तेव्हापासून ‘शून्य उंची, शून्य वेग’ हे खुर्चीचं परिमाण ठरलं. पण हे शून्य उभ्या विमानाचं आहे. विमान सेकंदाला तीस मीटरने खाली येत असेल, तर खुर्चीच्या वर जाण्याच्या वेगातला बराचसा भाग त्यातच खर्च होतो. विमान कलतं झालं असेल तर रॉकेट माणसाला वर नेण्याऐवजी आडवा फेकतं, आणि उलटं झालं असेल तर थेट जमिनीकडे. म्हणून खाली किती फूट उरले, एवढाच प्रश्न नसतो. विमान कुठल्या अंगाने आणि किती वेगाने उतरतंय, यावर सगळं ठरतं.

जमिनीलगत असं बाहेर पडून वाचल्याची दोन उदाहरणं जगात गाजली. ८ जून १९८९ ला पॅरिसच्या विमान प्रदर्शनात अनातोली क्वोचुर यांचं मिग-२९ अगदी कमी उंचीवरून नाक खाली घालून कोसळलं. ते आदळण्याआधी काही क्षण बाहेर पडले आणि आगीच्या लोळापासून हाकेच्या अंतरावर उतरले. १४ सप्टेंबर २००३ ला अमेरिकेत थंडरबर्ड्स या हवाई कसरतींच्या पथकाच्या ख्रिस स्ट्रिकलिन यांनी १४० फुटांवर, आदळायला ०.८ सेकंद असताना हँडल ओढलं. जमिनीच्या उंचीचा हिशेब हजारभर फुटांनी चुकला होता आणि गिरकी पुरी करायला जागाच उरली नव्हती.

गोव्याकडे वळलं की मन जड होतं. १६ नोव्हेंबर २०१९ ला पक्ष्यांचा थवा मिग-२९के च्या इंजिनात गेला. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर, वेर्ण्याच्या पठाराकडे वळवलं आणि दोघे सुखरूप उतरले. वर्षभराने, २६ नोव्हेंबर २०२० ला, तसंच एक विमान समुद्रात कोसळलं. सोबतचा प्रशिक्षणार्थी वाचला. कमांडर निशांत सिंग यांचा देह मात्र ७ डिसेंबरला, किनाऱ्यापासून तीसेक मैलांवर, सत्तर मीटर खोल पाण्यात सापडला. खुर्ची चालली म्हणजे माणूस वाचलाच, असं नाही. बेंगळुरूला १ फेब्रुवारी २०१९ ला मिराज धावपट्टीवरून उठता उठता पडलं, तेव्हा समीर अब्रोल आणि सिद्धार्थ नेगी दोघेही बाहेर पडले होते. त्यांतला एक जळत्या अवशेषांवरच उतरला. दोघेही गेले.

मला या सगळ्यात सांगायचं आहे ते असं: खुर्चीचं काम अभियंत्यांनी बऱ्याच अंशी पुरं केलं आहे. आता बळी जातात ते उशिरामुळे. विमान सावरेल ही आशा, कोट्यवधींचं यंत्र सोडायचा संकोच आणि खाली गाव आहे ही जाणीव, या तिन्ही गोष्टी हात हँडलपासून दूर ठेवतात. अमेरिकेत एफ-१६ च्या वैमानिकाला शिकवतात की सोडायची वेळ आलीच, तर विमान ताब्यात असलं तरी दोन हजार फुटांच्या वर असतानाच सोडायचं. म्हणजे निर्णय जमिनीवर, उड्डाणाआधीच घ्यायचा असतो. शेवटपर्यंत विमानात राहिलेल्या वैमानिकाला आपण वीर म्हणतो आणि तो वीर असतोच. पण वेळेवर बाहेर पडलेल्यालाही तेवढ्याच मोकळेपणाने शाबासकी दिली पाहिजे. नाहीतर पुढच्या तरुणाच्या हाताला आपलंच कौतुक जड होईल.

आता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. अशा रानावर उतरणाऱ्याची दुसरी परीक्षा पॅराशूट उघडल्यावर सुरू होते. पाय घट्ट जुळवायचे, हातांनी चेहरा आणि गळा झाकायचा, आणि साग, ऐन, बिजा जे पुढ्यात येईल त्यात शिरायचं. पॅराशूट शेंड्यात अडकलं तर माणूस पट्ट्यांत लटकतो. हालचाल न करता फार वेळ लटकलं की रक्त पायांत साचतं आणि शुद्ध हरपते. बांबूच्या बेटात पडणं तर भाल्यांवर पडण्यासारखं.

अशा वेळी आधी पोहोचतात ती गावची माणसं. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. जाणकारांच्या मते तो चिनी रॉकेटचा तुकडा. तिथेही पहिले धावले ते गावकरीच. एप्रिल-मे मध्ये मोहफूल आणि तेंदूपत्त्यासाठी माणसं पहाटेपासून रानात असतात, तेव्हा उतरलेला वैमानिक त्यांनाच आधी दिसणार. म्हणून गावागावांत एवढं तरी माहीत असावं: रिकाम्या खुर्चीला हात लावायचा नाही, तिच्यात न फुटलेली काडतुसं असू शकतात. माणूस अजून खुर्चीत असेल, तर लाल किंवा पिवळं-काळं हँडल ओढायचं नाही. जखमीला बसतं करायचं नाही, पाठ सरळ ठेवून आडवंच राहू द्यायचं.

आणि आमच्या जंगलावरून सर्वांत खालून, सर्वांत जास्त वेळा जातं ते हेलिकॉप्टर. नक्षलविरोधी मोहिमेतले जखमी जवान त्यातूनच येतात. त्यात इजेक्शन सीट नसते, कारण डोक्यावर पाती फिरत असतात. रशियाच्या का-५० मध्ये आधी पाती स्फोटाने उडवून मग वैमानिकाला वर ओढून काढण्याची सोय आहे, पण ती अपवादच. बाकी वैमानिकाच्या हाती एकच उपाय असतो. इंजिन बंद पडलं तर वाऱ्यावर फिरत्या पात्यांच्या आधाराने यंत्र खाली आणायचं, आणि आदळण्याचा धक्का सोसणाऱ्या खुर्च्यांवर भरवसा ठेवायचा. त्यासाठी खाली मोकळी जागा लागते. एटापल्ली ते भामरागड या पट्ट्यात ती धानाच्या बांध्यांत, आश्रमशाळांच्या मैदानांत, नाहीतर उन्हाळ्यात इंद्रावती-पर्लकोटेच्या वाळूत मिळते. पावसाळ्यात वाळू पाण्याखाली जाते, बांध्या चिखलाने भरतात, आणि उड्डाणं तेव्हाही चालूच असतात.