पंचाऐंशी अश्वशक्तीच्या दोन मोटारी

कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारींवर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी इंजिनिअर नाही. जे थोडे यंत्रज्ञान आले, ते मिस्त्री लोकांच्या शेजारी बसून आणि जुनी माहितीपत्रके वाचून. त्यांतल्याच दोन अमेरिकन गाड्या आज समोर ठेवतो : १९३७ सालची फोर्ड व्ही-८ आणि त्याच सालची शेव्हरोलेट मास्टर.

कागदावर दोघी सख्ख्या बहिणी. फोर्डचे इंजिन २२१ घन इंचांचे, शेव्हरोलेटचे २१६.५. दोघींना पुढे जाण्याचे तीन गिअर, आणि शक्ती दोघींची ८५ अश्वशक्ती. मग फरक कोठे? तो त्या ८५ च्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेला असतो. फोर्ड ही शक्ती मिनिटाला ३८०० फेऱ्यांना देते, शेव्हरोलेट ३२०० फेऱ्यांना. अश्वशक्ती म्हणजे आसाचा पीळ गुणिले फेरे. आकडा तोच आणि फेरे कमी, म्हणजे पीळ अधिक. म्हणून दमाने ओझे ओढण्यात शेव्हरोलेटची सहा सिलिंडरे बरी. मोकळ्या रस्त्यावर पळण्यात फोर्डची आठ सरस.

पळण्याची किंमत मात्र द्यावी लागते. फोर्डच्या झडपा सिलिंडरांच्या बाजूला, आणि जळालेला वायू इंजिनाच्या ठोकळ्यातूनच बाहेर पडे. त्यामुळे पाणी लवकर तापे. शेव्हरोलेटच्या झडपा सिलिंडरांच्या डोक्यावर होत्या.

ब्रेकचेही तसेच. शेव्हरोलेटने १९३६ पासून तेलाच्या दाबाचे ब्रेक घेतले होते. बंद नळीतल्या तेलाचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून चारही चाके बरोबर धरतात. फोर्डचे ब्रेक अजून तारांनी ओढले जात. तारांचा ताण बिघडला की एक चाक आधी धरी आणि गाडी बाजूला खेची. फोर्डने तेलाचे ब्रेक दिले ते १९३९ सालच्या गाड्यांना.

आता माहितीपत्रकात नसलेली गोष्ट. जोडणीच्या पट्ट्यालाही वेग असतो, आणि तो वाढवत नेण्याविरुद्ध मिशिगनमधील फ्लिंट येथे ३० डिसेंबर १९३६ रोजी जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. १ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी शेव्हरोलेटचा चार नंबरचा कारखाना ताब्यात घेतला. शेव्हरोलेटची इंजिने तेथेच होत. नाडी हाती आली. ११ फेब्रुवारीला कंपनीने युनियनशी करार केला.

फोर्डकडे त्याच वर्षी २६ मे रोजी रिव्हर रूज कारखान्याच्या पादचारी पुलावर पत्रके वाटायला गेलेल्या वॉल्टर रूथर आणि त्यांच्या सोबत्यांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारले. तेथे युनियनशी पहिला करार व्हायला १९४१ साल उजाडले. तेलाचे ब्रेक दोन-तीन वर्षे उशिरा आले. माणसाचे ऐकणे चार वर्षे.

बंधुभगिनींनो, कारखान्याच्या फाटकावर मीही अनेकदा उत्पादनाचे आकडे ऐकले आहेत. कोणी मोठा आकडा सांगितला की मला त्या दोन गाड्या आठवतात आणि मी एवढेच विचारतो : साहेब, हा आकडा किती फेऱ्यांना?