वाटाण्याएवढ्या पाहुण्याची निगा

घरातील ज्येष्ठांचे मन रमावे म्हणून मत्स्यालय आणण्याचा विचार अनेक कुटुंबांत होतो. दुकानात गेल्यावर ‘पी पफर’ किंवा ‘ड्वार्फ पफर’ या नावाने मिळणारा इवलासा मासा चटकन लक्ष वेधून घेतो. लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, हिरवट-पिवळ्या अंगावर गडद ठिपके, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवीत काचेपलीकडून आपल्यालाच न्याहाळण्याची ऐट! कोकणातील मच्छीमारांना परिचित असलेल्या केंड माशाचा हा गोड्या पाण्यातील भाऊबंद. त्याचे मूळ घर केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्यांत असून त्याचे शास्त्रीय वर्णन १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. आज जागतिक यादीत तो ‘असुरक्षित’ गटात मोडतो. म्हणूनच नदीतून पकडलेला नव्हे, तर मत्स्यालयात पैदास झालेला मासा विक्रेत्याकडे आवर्जून मागावा.

मासा लहान म्हणून त्याची निगाही लहान, असे मात्र समजू नये. तो घरी आणण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार व्हायला हवा.

आधी पाणी, मग मासा

एका माशासाठी निदान २० लिटरची टाकी असावी. हा मासा भांडखोर असल्याने त्याला इतर माशांच्या सोबतीला ठेवणे टाळावे. टाकी भरून गाळणयंत्र सुरू केल्यावर चिमूटभर खाद्य टाकून चार ते सहा आठवडे थांबावे. माशाच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे उपकारक जीवाणू या काळात वाढतात. तपासणी संचाने पाहता अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच मासा सोडावा. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे आणि लपण्यासाठी भरपूर पाणवनस्पती असाव्यात. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीननाशक द्रव घालूनच वापरावे.

त्याचे पथ्यपाणी

कोरडे दाणेदार खाद्य हा मासा सहसा खात नाही. त्याला लहान गोगलगायी, डॅफ्निया आणि गोठवलेले ब्लडवर्म लागतात. त्याचे चोचीसारखे दात आयुष्यभर वाढत राहतात; गोगलगायींचे कवच फोडताना ते झिजतात. या गोगलगायी ओढ्या-शेतातून न आणता वेगळ्या बरणीत वाढवाव्यात. डासांच्या अळ्या त्याला आवडतात, तरी त्या घरी मुळीच वाढवू नयेत. डेंग्यूला आमंत्रण देऊन मासा पोसण्यात शहाणपण नाही. दमा किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ब्लडवर्म, विशेषतः सुकवलेले, हाताळू नयेत.

खपाटीला गेलेले पोट, काळवंडलेला रंग, काचेलगत अखंड येरझाऱ्या ही अस्वास्थ्याची लक्षणे होत. गंमत म्हणून माशाला डिवचून फुगवू नये. फुगणे हा त्याचा खेळ नसून भीतीचा आकांत आहे.

आपली प्रकृती सांभाळताना

पफर कुळातील अनेक माशांच्या शरीरात तीव्र विष असते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. हे मासे खाल्ल्याने बाधा होते, म्हणून घरातील लहानग्यांना आणि विस्मरण असलेल्या ज्येष्ठांना टाकीजवळ एकटे सोडू नये.

टाकीच्या पाण्यात असणारा एक जीवाणू हातावरील जखमेतून शिरून त्वचेवर गाठी निर्माण करू शकतो, आणि त्यासाठी कित्येक महिने औषधे घ्यावी लागतात. मधुमेही व्यक्तींनी, तसेच प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी पाण्यात हात घालू नये. इतरांनी हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नये. बरी न होणारी गाठ दिसल्यास डॉक्टरांना मत्स्यालयाबद्दल अवश्य सांगावे.

वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. बादल्या उचलण्याचे काम तरुणांनी करावे आणि सांडलेले पाणी लगेच पुसावे. ज्येष्ठांच्या बाबतीत एक घसरणे पुरेसे असते. विजेची वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही. आजी-आजोबांकडे खाऊ घालणे आणि निरीक्षण ही कामे सोपवावीत. खाऊ दिल्यावर दिनदर्शिकेवर खूण करावी, म्हणजे दोनदा दिला जाणार नाही. एखादा दिवस उपवास घडला तर निरोगी प्रौढ मासा तग धरतो, पण उरलेल्या अन्नाने पाणी नासते.

दोन प्रश्न

रुग्णसेवेत आधीच थकलेल्या व्यक्तीच्या शिरावर आणखी एका जिवाचा भार नकळत येऊन पडतो. म्हणून खरेदीपूर्वी सर्वांनी एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत: दर आठवड्याला पाणी कोण बदलणार? आणि ज्येष्ठांना आठवडाभर रुग्णालयात राहावे लागले तर या माशाकडे कोण पाहणार? दोन्ही ठिकाणी एकाच थकलेल्या माणसाचे नाव येत असेल, तर मासा तूर्त आणू नये. वेगवेगळी नावे पुढे आली, तर मात्र टाकीत पाणी भरायला हरकत नाही.