बयाणा देण्याआधी कागद पाहा

घर घेणे हा आपल्या कुटुंबातला सर्वांत मोठा व्यवहार. त्यात आखातातल्या नोकरीची बचत असते, अम्मीचे दागिने असतात, नातेवाइकांकडून घेतलेली उसनवारी असते. तरीही लग्नाचा कपडा घेताना चार दुकाने फिरणारे आपण फ्लॅटचा बयाणा मात्र ‘बिल्डर ओळखीचा आहे’ एवढ्यावर देऊन मोकळे होतो. ओळख असावी, पण काम रखडले की उपयोगी पडतो तो कागद.

याचसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये रिअल इस्टेट कायदा केला. आपण त्याला ‘रेरा’ म्हणतो. आपल्या राज्यात मे २०१७ पासून ‘महारेरा’ हे प्राधिकरण त्याची अंमलबजावणी पाहते. या कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात.

पहिली गोष्ट नोंदणी क्रमांकाची. नोंदणीशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. मध्यस्थी करणाऱ्या एजंटचीही नोंदणी लागते. हा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशे, जमिनीचे कागद आणि ताबा देण्याची तारीख दिसते.

दुसरी गोष्ट बयाण्याची. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटसाठी जास्तीत जास्त ५ लाख. तेही चेकने किंवा बँकेतूनच द्यावेत. पावती नसलेली रोख रक्कम पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

पूर्वी एका इमारतीसाठी घेतलेला पैसा दुसरीकडे वळवला जाई आणि पहिली अर्धवट राही. आता ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावरच खर्च करता येतात. फ्लॅटचा हिशेबही कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर करावा लागतो.

ताबा वेळेवर मिळाला नाही तर दोन मार्ग असतात. व्यवहार सोडून सगळे पैसे व्याजासह परत मागता येतात. किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. व्याज घेण्याबद्दल ज्यांच्या मनात संकोच आहे त्यांनी उलेमांना जरूर विचारावे. पण त्यापायी मुद्दल मागण्याचा हक्क सोडू नये. ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत बांधकामात दोष दिसला आणि आपण तो कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्ती करून द्यायची असते.

मात्र नुसता क्रमांक पाहून निर्धास्त होऊ नये. कल्याण-डोंबिवलीत पालिकेची बनावट परवानगीपत्रे जोडून ६५ इमारतींसाठी रेराची नोंदणी मिळवली गेली. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. तिथे कर्ज काढून राहायला आलेली कुटुंबे होती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत मागावी आणि ती खरी आहे का, हे पालिकेत जाऊन विचारावे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा ८ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पांना रेराची नोंदणी सक्तीची नाही. तिथे तर ही चौकशी आपल्यालाच करावी लागते. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

फसगत झालीच तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क ५ हजार रुपये आहे. वकील देणे बंधनकारक नाही. आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. बिल्डरने आदेश पाळला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते. तिला वेळ लागतो, म्हणून आधीची सावधगिरी केव्हाही स्वस्त पडते.

घरातले कमावते माणूस परदेशी असेल तर ही पाहणी इथल्या माणसांनी करावी. आमच्या शाळेतली दहावीची मुले-मुलीही मोबाइलवर असा क्रमांक सहज शोधतील. त्यांना शेजारी बसवून प्रकल्पाची माहिती सर्वांनी मिळून वाचा, शंका लिहून काढा आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच चेकवर सही करा.