मलई बोटी, घरच्या सिगडीवर

बकरी ईदच्या दिवशी आमच्या घरी आधी शिजते ती कलेजी. मग गोश्ताचे तीन वाटे होतात. एक नात्यागोत्यात, एक गोरगरिबांकडे, आणि घरच्या वाट्याचं काय करायचं हा प्रश्न दुपारी पडतो. आमचं उत्तर ठरलेलं असे : लाल मिरचीतले कबाब, नाकाडोळ्यांतून पाणी काढणारे. सत्तरी ओलांडल्यावर अम्मीला ते चावेनात, तिखटही सोसेना. सगळे ताटावर तुटून पडलेले आणि ती डाळभात कालवत बसलेली, हे मला पाहवेना. म्हणून मी मलई बोटीच्या नादी लागलो. बोटी म्हणजे मांसाचा लहान तुकडा. हा मलईचा प्रकार आमच्या घरचा नव्हे. तो आम्हाला हॉटेलात भेटला.

पहिला प्रयत्न साफ फसला. मटण मऊ पडावं म्हणून मी वाटीभर कच्ची पपई वाटून चोळली आणि ते रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोट्या सळईवरून घसरून निखाऱ्यांत पडल्या. उरल्या त्या तोंडात पिठासारख्या लागल्या. पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. मांस तापू लागलं की त्याचा जोर कमी होण्याऐवजी वाढतो. चांगलं कडक तापल्यावरच ते निकामी होतं. म्हणून अर्धा किलो मटणाला सालासकट वाटलेल्या पपईचे दोन चहाचे चमचे आणि दीड तास, एवढंच पुरे.

दुसरा धडा आमच्या खाटकानं दिला. ‘आजचं मटण आज भाजू नका, भाई.’ बोकड कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि पुढे आपोआप सैल पडतात. तेव्हा मटण एक दिवस फ्रिजमध्ये राहू द्यावं. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. मागच्या मांडीचं, बिनहाडाचं, कोवळ्या बोकडाचं घ्यावं. वरचा पांढरा पडदा सोलून, धाग्यांना आडवे असे इंचभर तुकडे करावेत. म्हाताऱ्या माणसांसाठी तुकडे अर्ध्या इंचाचे चपटे ठेवून सुरीच्या पाठीनं हलकेच ठेचावेत. माझं काम खरं या ठेचण्यानंच सोपं केलं.

पपईबरोबर आलं-लसूण आणि मीठ चोळून दीड तास झाला, की मलईचा लेप लावायचा. वाटीभर दही श्रीखंडाला बांधतो तसंच फडक्यात तीन-चार तास टांगून त्याचा चक्का करावा. पाणी राहिलं तर लेप आगीवर टिकत नाही, गळून जातो. चक्क्यात म्हशीच्या दुधाची चार चमचे साय हातानं फेटून घालावी. फार फेटाल तर लोणी होईल. भिजवून वाटलेले आठ-दहा काजू, बिया काढलेल्या दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा पांढरी मिरी, चार वेलदोडे, जायफळाची चिमूट आणि लेप धरून ठेवायला चमचाभर भाजलेलं बेसन. हळद नाही, लाल तिखट नाही. आगीवर मांसातलं पाणी उडतं, ते कोरडं पडतं; सायीतली चरबी त्याला जरा सांभाळून घेते. लेप लावून चार तास फ्रिजमध्ये ठेवावं. गारव्यात पपईही जरा दमानं घेते.

सिगडी गच्चीवर किंवा अंगणात. बंद खोलीत कोळसा पेटवू नये, त्याच्या वायूला वास नसतो आणि माणूस झोपेत जातो. ज्वाळ पूर्ण विझून निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरू द्यावी. माझी चूक अशी, की भूक लागली की मी घाई करतो. मग चरबी ठिबकते, भडका उडतो आणि बोटी बाहेरून काळी, आतून कच्ची. सळई फिरवत बारा-पंधरा मिनिटं भाजावं, मध्ये एकदा पातळ लोण्याचा हात फिरवावा. दूध लवकर करपतं, म्हणून सोनेरी डाग पडले की उतरवावं.

सिगडी नसेल तर जाड तव्यावर थोड्या तुपात, मंद आचेवर, झाकून. मग झाकण काढून पाणी आटवावं. शेवटी भांड्यात बोट्यांच्या मधोमध वाटी ठेवून तीत एक लाल निखारा ठेवावा, त्यावर तुपाचे चार थेंब टाकावेत आणि झाकण लावावं. दोन-तीन मिनिटं पुरेत. अधिक धूर कडवट लागतो.

पुढच्या ईदच्या दुसऱ्या दिवशी ताट अम्मीसमोर ठेवलं. तिनं एक बोटी तोंडात बराच वेळ घोळवली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, ‘‘नरम है. पर मिर्ची किधर गई रे?’’ आणि तिनं दुसरी उचलली.