जुलैत अडणारा खण

शीवच्या जुन्या इमारतीतलं सागवानी टेबल. जानेवारीत बोटाने सरकणारा खण जुलैत दोन्ही हातांनी ओढावा लागतो. लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं, त्यामुळे ते फुगतं आणि आक्रसतं. पण सगळीकडे सारखं नाही! लाकडातल्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, फळी जवळजवळ तेवढीच राहते. बदलते ती रुंदीत. खणाच्या दर्शनी फळीत रेषा आडव्या असतात, म्हणून फुगते ती तिची उंची. लाकडातली ओल पाच-सहा टक्क्यांनी वाढली, तर २० सेंटिमीटर उंच सागवानी फळी सुमारे २ मिलिमीटर वाढू शकते. सागवान तरी शांत. बऱ्याच लाकडांची हालचाल याहून जास्त.

म्हणून कोरड्या दिवसांत खण बसवताना वर-खाली मिळून दोनेक मिलिमीटर फट ठेवावी, बाजूंना अगदी थोडी. पावसाळ्यात बसवत असाल तर फट कमी चालते, कारण फळी आधीच फुगलेली असते. पॉलिश आतल्या बाजूलाही करावं. ओल थांबत नाही, पण तिचा वेग मंदावतो. आणि कळकळीची विनंती: अडला म्हणून जुलैत रंधा मारू नका. जानेवारीत तीच फळी आक्रसून फट भलतीच रुंद दिसेल.