पुरुष नसबंदीने अशक्तपणा येतो का? शरीररचनाच देते उत्तर

नवी दिल्ली : कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेचा भार देशात आजही जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांवर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील विवाहित महिलांपैकी ३७.९ टक्के महिलांची नसबंदी झाल्याचे आढळले. पतीची नसबंदी झाल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. आणीबाणीतील सक्तीच्या कटू आठवणींबरोबरच ‘या शस्त्रक्रियेने पौरुष जाते’ हा समजही यामागे आहे. पुरुषाच्या प्रजननसंस्थेची रचना पाहिल्यास हा समज निराधार ठरतो.

वृषण दोन कामे करतात : शुक्राणू निर्माण करणे आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवणे. शुक्राणूंच्या निर्मितीला शरीरापेक्षा दोन ते तीन अंश सेल्सिअस कमी तापमान लागते, म्हणून वृषण पोटाच्या पोकळीबाहेर, वृषणकोशात असतात.

या दोन्ही उत्पादनांचे मार्ग वेगळे आहेत. शुक्राणू प्रथम वृषणामागील अधिवृषणात येतात. ही सुमारे सहा मीटर लांबीची, वेटोळे घातलेली नलिका असून येथे ते परिपक्व होतात. तेथून शुक्रवाहिनी त्यांना वर, मूत्राशयामागे नेते. तेथे शुक्राशय व पुरस्थ ग्रंथी यांचे स्राव त्यांत मिसळून वीर्य तयार होते आणि ते मूत्रमार्गातून बाहेर पडते. टेस्टोस्टेरॉनला मात्र कोणतीही नलिका लागत नाही. ते थेट रक्तात मिसळते. दाढी-मिशा, आवाज, स्नायूंची ताकद आणि कामेच्छा या गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात.

नसबंदीत केवळ दोन्ही शुक्रवाहिन्या बंद केल्या जातात. वृषण, रक्तवाहिन्या आणि शिश्नाच्या ताठरतेशी संबंधित नसा यांना धक्का लागत नाही. त्यामुळे संप्रेरकाचा पुरवठा आणि लैंगिक क्षमता कायम राहते. वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के असल्याने त्याच्या प्रमाणातही जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पुढे तयार होणारे शुक्राणू शरीरातच विघटित होऊन शोषले जातात.

बिनटाक्याच्या पद्धतीत फक्त त्या जागेपुरती भूल देऊन एका सूक्ष्म छिद्रातून ही शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. स्त्री नसबंदीत मात्र पोटाला छेद द्यावा लागतो.

दोन बाबी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. शुक्रवाहिनीच्या पुढील भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असल्याने किमान तीन महिने अन्य गर्भनिरोधक वापरावे लागते. वीर्यतपासणीत शुक्राणू नसल्याची खात्री झाल्यावरच ते थांबवावे. तसेच शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्यात यश येईलच याची शाश्वती नसते. म्हणून नसबंदी हा कायमचा उपाय मानूनच दांपत्याने परस्परसंमतीने निर्णय घ्यावा.