पिशवीच्या तोंडाची शस्त्रक्रिया झाली असेल आणि दिवस राहिले तर

1999 साली लातूरच्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियलच्या मदतीने बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने तो गावोगावी जाऊन केला. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,000 हून अधिक स्त्रिया होत्या. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे 2009 मध्ये त्यातूनच जगापुढे आले.

तपासणीत कर्करोगाआधीचे बदल दिसले की तेवढा भाग काढतात किंवा गोठवतात. ज्यांना अजून मूल हवे असते, त्यांना पुढची काळजी लागते : दिवस पूर्ण भरतील ना? बहुतेकींचे भरतात. मात्र काही गोष्टी वेळेवर कराव्या लागतात.

आधी शरीरात काय होते ते पाहू. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचे तोंड. गरोदरपणात ते घट्ट मिटलेले असते आणि आतला चिकट स्राव जंतूंना वर चढू देत नाही. त्याचा तुकडा निघाला की आधार थोडा कमी होतो, स्रावही घटू शकतो. 37 आठवड्यांआधी बाळंतपण झाले तर त्याला अकाली प्रसूती म्हणतात.

कोणता उपचार झाला, यावर बरेच अवलंबून असते. थंड वायूने गोठवण्याच्या क्रायोथेरपीत तुकडा कापत नाहीत, त्यामुळे धोका कमी. लीप म्हणजे विजेच्या तापलेल्या तारेने पातळ भाग काढणे. कोन बायोप्सीत सुरीने शंकूसारखा खोल तुकडा काढतात, त्यात धोका जास्त.

जगभरातले अभ्यास एकत्र करून 2016 मध्ये आलेला हिशेब असा : उपचार न झालेल्या 100 स्त्रियांत साधारण 5 जणींची, तर उपचार झालेल्या 100 जणींत साधारण 11 जणींची प्रसूती 37 आठवड्यांआधी झाली. तुकड्याची खोली एक सेंटीमीटरच्या आत असेल तर वाढ थोडी; दोन सेंटीमीटर किंवा अधिक असेल, किंवा शस्त्रक्रिया दोनदा झाली असेल, तर बरीच. म्हणून कागदावर लिहिलेला तुकड्याच्या खोलीचा आकडा महत्त्वाचा.

आणि घोळ नेमका इथेच होतो. डिस्चार्ज कार्ड हरवते, बायोप्सीचा अहवाल घेतलेलाच नसतो. त्याहून वाईट म्हणजे ‘कॅन्सर’ शब्दाच्या धास्तीने सासरी काही सांगितलेले नसते, मग सासू सोबत असताना डॉक्टरांनाही सांगितले जात नाही. आपण डॉक्टरांशी एकटीने बोलायची वेळ मागू शकता, तो आपला हक्क आहे. दोन्ही कागदांची झेरॉक्स माता-बाल संरक्षण कार्डाला लावून ठेवावी आणि मोबाईलमध्ये फोटो काढावा. ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनी तर नक्कीच, कारण हंगामात तपासणी परक्या तालुक्यात होते.

दिवस राहण्याआधी जखम पूर्ण भरू द्यावी. किती महिने थांबायचे, ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत, पहिल्या तीन महिन्यांत, सगळे सांगावे.

पुढचा टप्पा 16 ते 24 आठवड्यांचा. या काळात योनीमार्गातून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजतात. नाव ऐकून अनेकजणी नको म्हणतात. पण तिने बाळाला इजा होत नाही आणि पोटावरून घेतलेले माप तितके भरवशाचे नसते. ‘बाळ चांगले आहे’ एवढ्यावर समाधान न मानता ‘तोंडाची लांबी किती?’ असे आपण विचारावे.

लांबी 25 मिलिमीटर किंवा कमी असेल तर योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात, किंवा टाका घालतात. चंचीची नाडी ओढून तोंड आवळावे तसा हा टाका असतो. मूळचे गोव्याच्या शिरोड्याचे, मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी 1955 मध्ये तो जगापुढे मांडला आणि आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. मात्र शस्त्रक्रिया झाली म्हणून प्रत्येकीला टाका लागत नाही. महिनोन् महिने खाटेवर पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते, याला आधार नाही.

ओटीपोटात थांबून थांबून कळ येणे, कंबर भरून येणे, पाणी किंवा रक्त जाणे, यांत ‘सकाळी बघू’ म्हणू नये. 108 ला फोन करावा. मोठे रुग्णालय लांब असू शकते; उदाहरणार्थ, किनवट-माहूरहून नांदेडच्या विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. म्हणून नवजात अतिदक्षता कक्ष कुठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे. वेळेत पोचलात तर बाळाची फुप्फुसे पक्की करणारी स्टिरॉइडची इंजेक्शने देता येतात, आणि त्यांना काम करायला काही तास लागतात.

टाका असेल तर तो साधारण 36-37 आठवड्यांत काढतात. ही तारीख कार्डावर ठळक लिहून घ्यावी. त्याआधी कळा सुरू झाल्या तर टाका आहे हे पोचताच सांगावे, नाहीतर तोंड फाटू शकते. केवळ जुन्या शस्त्रक्रियेमुळे सिझेरियन लागत नाही. कधीकधी जुन्या व्रणामुळे तोंड उघडायला वेळ लागतो. डॉक्टरांना तो व्रण माहीत असेल, तर त्यांना पुढचा निर्णय नीट घेता येतो.